अर्धा मिलिमीटर चोच आणि डॅफ्ने बेटावरची चाळीस वर्षे

सजीवांमधले बदल इतके सावकाश होतात की ते घडत असताना माणसाला दिसणारच नाहीत, युगे लोटल्यावर त्यांचे परिणाम तेवढे दिसतील, अशी चार्ल्स डार्विनची धारणा होती, आणि त्याच्यानंतर शंभरेक वर्षे जीवशास्त्रज्ञांनीही ती बहुतांशी मान्य केली. उत्क्रांतीचा पुरावा शोधायचा तो जीवाश्मांत, शरीररचनेतल्या साम्यात किंवा प्रजातींच्या भौगोलिक विभागणीत; प्रत्यक्ष निसर्गात, डोळ्यांदेखत ती मोजता येईल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. ही धारणा बदलण्यात प्रशांत महासागरातल्या एका उजाड बेटाचा वाटा फार मोठा आहे. १९७३ साली पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या बेटावर काम करू लागले आणि २०१२ पर्यंत त्यांनी तिथल्या फिंच पक्ष्यांच्या एकामागून एक पिढ्यांची नोंद ठेवली. त्या नोंदींतून जे हाती आले ते उत्क्रांती समजून घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नीट पाहावे असे आहे, कारण त्यात केवळ निष्कर्ष नाहीत. निष्कर्षापर्यंत कसे पोहोचायचे याची वाटही त्यात स्पष्ट दिसते.

प्रथम, बेटच का, हा प्रश्न. मुख्य भूमीवरच्या जंगलात एखाद्या पक्ष्याचा अभ्यास करताना दोन अडचणी सतत आड येतात. पक्षी दिसेनासा झाला तर तो मेला की शेजारच्या रानात उडून गेला हे कळत नाही. आणि त्याच्या अन्नावर, घरट्यांवर, जिवावर परिणाम करणाऱ्या इतर प्रजाती इतक्या असतात की कोणत्या कारणाचा कोणता परिणाम हे वेगळे काढणे जवळपास अशक्य होते. बेटावर सीमा समुद्राने आखून दिलेली असते. तिथे पोहोचलेल्या प्रजाती मोजक्या असतात, कारण समुद्र ओलांडणे प्रत्येकाला जमत नाही. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ साली मांडलेला सिद्धान्त याच गोष्टीवर उभा आहे: बेटावर किती प्रजाती नांदतील हे नव्याने येणाऱ्यांचा वेग आणि नष्ट होणाऱ्यांचा वेग यांच्या समतोलावर ठरते; दूरच्या बेटावर येणारे कमी, आणि लहान बेटावर नष्ट होणारे अधिक. त्यामुळे दूरचे आणि लहान बेट हे जीवांच्या बाबतीत सर्वांत गरीब, पण अभ्यासकासाठी सर्वांत सुबोध ठरते.

अशा एकाकी बेटांवर पक्षी वेगळ्याच वाटेने जातात, हे जगभर दिसते. मॉरिशसचा डोडो हा मुळात कबुतरांच्या कुळातला. शिकारी प्राणी नसलेल्या बेटावर त्याने उडणे सोडले आणि माणूस व माणसाने आणलेले प्राणी येताच तो नाहीसा झाला. हवाई बेटांवर एकाच पूर्वजापासून कोणी मध पिणारे, कोणी बिया फोडणारे, कोणी सालीखालचे किडे टिपणारे असे पक्ष्यांचे अख्खे घराणे तयार झाले. भारताच्या हद्दीत पाहायचे तर अंदमान समुद्रातले नारकोंडम बेट आहे. जेमतेम सात चौरस किलोमीटरच्या या ज्वालामुखी बेटावर नारकोंडम धनेश राहतो, आणि जगात तो इतरत्र कुठेही नाही.

गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांची कथाही अशीच. इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर अंतरावरच्या या बेटांवर डार्विन १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होता. त्याने हे लहानसे, काळपट-तपकिरी पक्षी जमवले खरे, पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा याची नोंद त्याने काटेकोर ठेवली नाही, आणि ते सगळे एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत हेही त्याच्या ध्यानात आले नव्हते. ते ओळखले लंडनमध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने, १८३७ च्या आरंभी. हे फिंच वीसेक लाख वर्षांपूर्वी, किंवा त्याच्या आसपास, अमेरिका खंडाच्या बाजूने आलेल्या एका पूर्वजापासून निर्माण झाले असे आज मानले जाते. त्यांच्या सतरा-अठरा प्रजातींमध्ये रंगांचा फरक फारसा नाही. फरक आहे तो मुख्यतः चोचीत.

हा फरक कसा पडला असेल याचे तर्क पुष्कळ झाले होते. ग्रँट दांपत्याने प्रश्न असा घेतला: एकाच प्रजातीतल्या पक्ष्यांच्या चोची थोड्याथोड्या वेगळ्या असतात, त्या फरकाचा पक्ष्याच्या जगण्या-मरण्याशी संबंध आहे का, आणि असल्यास तो मोजता येतो का?

बेट आणि मोजमापाची रीत

डॅफ्ने मेजर हा सांताक्रूझ बेटाच्या उत्तरेला आठेक किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा सुळका आहे. क्षेत्रफळ सुमारे ०.३४ चौरस किलोमीटर, उंची साधारण १२० मीटर. पिण्याचे पाणी नाही, माणसाची वस्ती कधीच नव्हती, धक्का नाही. नाव कड्याजवळ नेऊन लाटेचा अंदाज घेत खडकावर पाय टाकावा लागतो. सगळे सामान, पाण्यासकट, तिथूनच वर चढवायचे. झाडे म्हणावीत अशी फारशी नाहीत. निवडुंग, खुरटी झुडपे आणि पावसाळ्यात उगवणारी गवते व वेली हीच वनसंपदा. १९७३ मध्ये इथे दोन प्रजाती कायम वस्तीला होत्या: मुख्यतः बिया खाणारी मध्यम भू-फिंच, आणि निवडुंगाची फुले, पराग, मध व बिया यांवर जगणारी निवडुंग फिंच. लहान भू-फिंच अधूनमधून येत असे.

इतक्या लहान बेटावर एक गोष्ट शक्य होती, जी इतरत्र जवळजवळ अशक्य असते: प्रत्येक पक्षी ओळखीचा करून घेणे. सहज न दिसणाऱ्या बारीक धाग्यांच्या जाळ्यांत पक्षी धरायचा, त्याच्या पायांत क्रमांकाची एक धातूची कडी आणि ठरावीक क्रमाने रंगीत कड्या घालायच्या, म्हणजे पुढे तो न पकडताही दुर्बिणीतून ओळखता येतो. वजन, पंखाची लांबी, पायाची लांबी आणि चोचीची लांबी, रुंदी व जाडी मोजायची. इथे जाडी म्हणजे चोचीच्या बुडाशी वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंतचे अंतर; पुढच्या सगळ्या विवेचनात हे माप महत्त्वाचे आहे. घरटी शोधायची, आईबाप कोण हे पाहायचे, पिल्ले घरट्यात असतानाच त्यांना कड्या घालायच्या. नंतरच्या काळात रक्ताचा एक थेंबही जपून ठेवला जाऊ लागला, ज्यातून पुढे डीएनए वाचता आला. नर कोणते गाणे गातो हे ध्वनिमुद्रित करायचे.

याच्या जोडीला तितकेच कंटाळवाणे आणि तितकेच आवश्यक काम म्हणजे अन्नाची मोजणी. जमिनीचे ठरावीक चौकोन आखून त्यांत कोणत्या वनस्पतीच्या किती बिया आहेत हे वेचून मोजायचे, आणि प्रत्येक प्रकारची बी फोडायला किती जोर लागतो हेही उपकरणाने मोजायचे. मला स्वतःला या संशोधनाचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पक्ष्याची चोच मोजणारे संग्रहालयांत पुष्कळ होते. पण ती चोच ज्या बीवर चालायची ती बीही त्याच काळजीने मोजल्याशिवाय चोचीच्या आकाराला अर्थच येत नाही. सजीवाचा त्याच्या परिसराशी असलेला व्यवहार तपासणे हे परिस्थितिकीचे काम, आणि पिढ्यांमधला बदल तपासणे हे उत्क्रांतिशास्त्राचे, अशी विद्यापीठांत विभागणी असते. डॅफ्नेवर ही दोन्ही कामे एकाच वहीत आली.

१९७७ चा दुष्काळ

नेहमीच्या वर्षी डॅफ्नेवर पावसाळी महिन्यांत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस पडत असे. १९७७ मध्ये तो २५ मिलिमीटरच्या आसपास पडला. वनस्पतींनी नव्या बिया जवळपास धरल्याच नाहीत. मध्यम भू-फिंचनी त्या वर्षी अंडी घातली नाहीत. पक्षी आधीच्या साठ्यावर जगू लागले, आणि साहजिकच फोडायला सोप्या असलेल्या लहान, मऊ बिया आधी संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि कठीण बिया.

त्यांतली एक वनस्पती मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. आपल्याकडे माळरानावर चपलेत रुतणारा सराटा ज्या प्रजातिगटातला आहे, त्याच गटातली एक जवळची वनस्पती डॅफ्नेवर वाढते. तिचे फळ पाच भागांत फुटते, आणि प्रत्येक भागाला काटे व लाकडासारखे टणक कवच असते; बिया त्या कवचाच्या आत. दुष्काळात फिंचना हे कवच फोडणे भाग पडले. ज्याच्या चोचीची जाडी सुमारे ११ मिलिमीटर होती त्याला ते जमत असे. सुमारे साडेदहा मिलिमीटर असलेल्याला जमत नसे. जगणे आणि मरणे यांच्यामधले अंतर अर्ध्या मिलिमीटरवर आले होते.

दुष्काळ संपला तेव्हा मध्यम भू-फिंचची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी घटली होती. प्रत्येक पक्ष्याची मापे आधीच घेतलेली असल्यामुळे कोण गेले आणि कोण राहिले हे तपासता आले. ग्रँट यांचे विद्यार्थी पीटर बोग हे या अभ्यासात त्यांच्यासोबत होते. हिशेबातून दिसले ते असे की वाचलेले पक्षी सरासरीने मोठे होते आणि त्यांच्या चोचींची सरासरी जाडी आधीच्या समूहापेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने अधिक होती. नर माद्यांपेक्षा थोडे मोठे असतात, म्हणून वाचलेल्यांत नरांचे प्रमाणही कितीतरी अधिक होते.

इथे थांबून एक फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण शाळेत शिकतानाही तो बहुधा निसटतो. लहान चोचीचे पक्षी मेले आणि मोठ्या चोचीचे जगले, ही झाली नैसर्गिक निवड. तेवढ्याने उत्क्रांती झाली असे म्हणता येत नाही. एकाही पक्ष्याची चोच दुष्काळामुळे वाढली नव्हती. फक्त समूहातले काही सदस्य वजा झाल्यामुळे सरासरी बदलली होती. चोचीचा आकार जर केवळ पिलूपणी मिळालेल्या अन्नावर ठरत असता, तर पुढच्या पिढीत सरासरी पुन्हा पूर्वीच्या जागी आली असती. उत्क्रांती घडण्यासाठी तो गुण आईबापांकडून पिल्लांकडे गेला पाहिजे.

तो किती प्रमाणात जातो हे ठरवण्यासाठी आईबापांच्या चोचींची सरासरी एका बाजूला आणि त्यांच्या वाढ झालेल्या पिल्लांच्या चोची दुसऱ्या बाजूला मांडून तुलना करतात. दोन्हींत संबंध नसेल तर गुण आनुवंशिक नाही; संबंध जितका घट्ट तितकी आनुवंशिकता अधिक. डॅफ्नेच्या मध्यम भू-फिंचमध्ये चोचीच्या जाडीतल्या फरकाचा निम्म्याहून बराच अधिक भाग आनुवंशिक असल्याचे दिसले. त्यावरून पुढच्या पिढीत किती बदल व्हावा याचे आधीच गणित करता येत होते. १९७८ मध्ये जन्मलेली पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या चोची दुष्काळापूर्वीच्या पिढीपेक्षा सरासरी सुमारे चार टक्क्यांनी जाड भरल्या, आणि हा बदल गणिताशी चांगला जुळला. बोग आणि ग्रँट यांनी या निवडीचा तपशील १९८१ साली प्रसिद्ध केला. एका दुष्काळात, एका पिढीच्या अंतराने, रानातल्या पक्ष्यांमध्ये उत्क्रांती झाल्याचे मोजून दाखवता आले.

वारा फिरल्यावर

या टप्प्यावर काम संपवले असते, तर निष्कर्ष असा निघाला असता की डॅफ्नेवर मोठी चोच ही नेहमीच हिताची असते आणि फिंच हळूहळू मोठे होत जाणार. तो निष्कर्ष चुकीचा ठरला असता. १९८२-८३ मध्ये एल निनोचा, म्हणजे विषुववृत्तालगतच्या प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याचा, असाधारण जोर झाला आणि १९८३ च्या हंगामात बेटावर १,३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, म्हणजे नेहमीच्या दहापट. बेट हिरवेगार झाले. फिंचनी अंड्यांच्या अनेक खेपा घातल्या, त्याच वर्षी जन्मलेल्या काही पक्ष्यांनीही घरटी केली. वेली इतक्या माजल्या की त्यांनी निवडुंग आणि सराट्याच्या जातीची ती वनस्पती झाकून टाकली. लहान बिया देणाऱ्या वनस्पतींची चलती झाली. नंतर पुन्हा कोरडी वर्षे आली तेव्हा जमिनीत साठा होता तो मुख्यतः लहान बियांचा, आणि त्या टिपण्यात मोठ्या चोचीचा पक्षी मागे पडतो. शिवाय मोठ्या शरीराला अन्नही अधिक लागते. या वेळी लहान चोचीचे पक्षी अधिक प्रमाणात वाचले. आठेक वर्षांत निवडीची दिशा उलटली होती.

पुढची दोन दशके हेच दाखवत राहिली. काही वर्षे निवड एका बाजूला झुकली, काही वर्षे दुसऱ्या बाजूला, कित्येक वर्षे ती जवळजवळ जाणवलीच नाही. तीस वर्षांच्या अखेरीस मध्यम भू-फिंच आणि निवडुंग फिंच या दोन प्रजातींची शरीरे आणि चोची आरंभी होत्या तशा राहिल्या नव्हत्या, पण त्या कुठे पोहोचतील हे पहिल्या वर्षी कोणालाही सांगता आले नसते. अल्पकाळाच्या संशोधनासाठीच पैसे मिळण्याची जी रीत सर्वत्र आहे, तिच्याविषयी मला म्हणूनच मनापासून काळजी वाटते. तीन वर्षांचा अभ्यास डॅफ्नेवर कोणत्या तीन वर्षांत झाला यावर त्याचा निष्कर्ष अवलंबून राहिला असता, आणि तो चुकीचा आहे हे कोणाच्या लक्षातही आले नसते.

१९८२ च्या अखेरीस आणखी एक घटना घडली. मोठी भू-फिंच ही प्रजाती, जी तोवर डॅफ्नेवर केवळ पाहुणी म्हणून येत असे, ती इथे वीण करू लागली. दोन माद्या आणि तीन नर, एवढ्यांवर नवी वसाहत सुरू झाली. या पक्ष्याची चोच इतकी दणकट की सराट्याचे कवच तो मध्यम भू-फिंचपेक्षा कितीतरी सहज फोडतो. वीस वर्षे संख्या वाढत गेली. मग २००३ ते २००५ मध्ये पुन्हा कडक दुष्काळ आला, आणि परिस्थिती वरवर १९७७ सारखीच दिसत होती: लहान बिया संपल्या, मोठ्या उरल्या. पण आता त्या मोठ्या बिया मोठी भू-फिंच संपवत होती. मध्यम भू-फिंचपैकी ज्यांच्या चोची जाड होत्या ते या स्पर्धेत हरले आणि उपासमारीने मेले. ज्यांच्या चोची लहान होत्या त्यांनी बारीकसारीक बियांवर कसाबसा तग धरला. दुष्काळ तोच, प्रजाती तीच, बेट तेच, आणि परिणाम नेमका उलटा. प्रतिस्पर्धी प्रजातीमुळे गुण एकमेकांपासून दूर सरकतात ही कल्पना जुनी होती, तथापि निसर्गात तसे घडताना आरंभापासून पाहिल्याचे उदाहरण अत्यंत दुर्मीळ आहे. बेटावर कोण शेजारी आहे यावर कोणती चोच उपयोगाची हे ठरते, हे यातून जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही सैद्धान्तिक मांडणीतून झाले नसते.

जपून ठेवलेले रक्ताचे थेंब याच टप्प्यावर उपयोगी पडले. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले लाइफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रँट दांपत्यासोबत १२० पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचून २०१५ साली दाखवले की चोच टोकदार की बोथट याच्याशी एएलएक्स१ या जनुकाचा संबंध आहे. त्यापुढच्या वर्षी एचएमजीए२ हे दुसरे जनुक पुढे आले, ज्याचा संबंध चोचीच्या एकूण आकाराशी आहे. या जनुकाची मोठ्या चोचीशी निगडित आवृत्ती ज्यांच्यात होती, ते मध्यम भू-फिंच २००४-०५ च्या दुष्काळात अधिक प्रमाणात मेले होते. वहीतल्या मोजमापांनी जे सांगितले होते, तेच आता डीएनएच्या पातळीवर दिसले. अर्थात चोचीचा आकार एकाच जनुकावर ठरत नाही, आणि ‘चोचीचे जनुक सापडले’ अशा मथळ्यांनी होणारा समज टाळायला हवा. जनुके अनेक आहेत. त्यांतल्या एकाचा प्रभाव मोठा आहे, इतकेच.

प्रजाती वेगळ्या राहतात कशा

इथवर एका प्रजातीच्या आतल्या बदलांचा विचार झाला. एकाच्या दोन प्रजाती होतात त्या कशा? सर्वसाधारण उत्तर असे की समूहाचे दोन भाग एखाद्या अडथळ्याने दीर्घकाळ अलग पडतात, आपापल्या वाटेने बदलतात, आणि पुन्हा भेटले तरी एकमेकांना जोडीदार मानत नाहीत. अडथळा समुद्राचाच असावा लागतो असे नाही. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला उंच डोंगरमाथ्यांवर शोला जंगले आहेत, आणि दोन माथ्यांमधली उष्ण, सखल जमीन तिथल्या पक्ष्यांना समुद्राइतकीच दुस्तर वाटते. व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकाशबेटांवरच्या पक्ष्यांचे डीएनए तपासले तेव्हा तीस-चाळीस किलोमीटर रुंदीच्या पालघाट खिंडीच्या दोन्ही बाजूंचे समूह फार पूर्वीपासून अलग असल्याचे आढळले. इतकेच नव्हे, तर या पक्ष्यांचे नातेसंबंध आपण समजत होतो तसे नाहीत हेही दिसले, आणि २०१७ साली त्यांच्यासाठी शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला अशी दोन नवी प्रजातिगटांची नावे देण्यात आली.

फिंचमध्ये अलगपणा टिकवण्याचे मोठे काम गाणे करते. नर पिलूपणी आपल्या बापाचे गाणे शिकतो आणि आयुष्यभर तेच गातो. मादी गात नाही, पण तीही बापाचे गाणे मनात धरते आणि बहुधा त्याच जातीचे गाणे गाणाऱ्या नराशी जोडी जमवते. त्यामुळे निवडुंग फिंच आणि मध्यम भू-फिंच एकाच झुडपावर बसूनही सहसा वेगळ्या राहतात. परंतु हे कुंपण शिकलेल्या गाण्याचे असल्यामुळे त्यात फटी पडतात. एखादे पिलू शेजारच्या दुसऱ्या जातीच्या नराचे गाणे शिकते, आणि मग संकर होतो. १९८३ पूर्वी असे संकरज क्वचितच टिकत, कारण त्यांच्या मधल्या आकाराच्या चोचींना लागणाऱ्या लहान बिया पुरेशा नसत. १९८३ नंतर त्या मुबलक झाल्या आणि संकरज चांगले जगू लागले. पुढच्या काळात निवडुंग फिंचच्या चोची काहीशा बोथट झाल्या, आणि दोन प्रजाती एकमेकींच्या जवळ सरकल्या. प्रजाती ही कायमची बांधलेली भिंत नाही, परिस्थितीनुसार ती उंच किंवा ठेंगणी होऊ शकते, हे इथे पाहायला मिळाले.

याच्या उलट दिशेची घटना १९८१ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी डॅफ्नेवर एक परका नर आला. तो इथल्या मध्यम भू-फिंचपेक्षा बराच मोठा होता, आणि त्याचे गाणे बेटावर कोणीच गात नव्हते. त्याने मध्यम भू-फिंचच्या मादीशी जोडी जमवली. मुलगे बापाचे गाणे शिकले. त्याच्या वंशजांची नोंद पिढ्यानपिढ्या ठेवली गेली. संशोधक या वंशाला ‘बिग बर्ड’ म्हणू लागले. २००३-०५ च्या दुष्काळात या वंशातले दोनच पक्षी उरले, एक भाऊ आणि एक बहीण. त्यांनी आपसात जोडी जमवली, आणि त्यानंतर हा वंश केवळ आपल्यातच वीण करत राहिला. बेटावरच्या इतर माद्यांना त्यांचे गाणे आणि त्यांची मापे ओळखीची नव्हती. २०१० च्या सुमारास त्यांची संख्या तीसेक होती. पहिला नर शेजारच्या सांताक्रूझवरून आला असावा असा आरंभी समज होता; जनुकसंच वाचल्यावर कळले की तो शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या एस्पानयोला बेटावरच्या मोठ्या निवडुंग फिंच या वेगळ्या प्रजातीचा होता. नवी प्रजाती तयार व्हायला हजारो वर्षे लागतात असे आपण मानतो, आणि इथे तीन पिढ्यांत प्रजननाच्या दृष्टीने अलग असा वंश उभा राहिला.

हा वंश म्हणजे नवी प्रजातीच, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. तीसेक पक्ष्यांचा, भावाबहिणीपासून वाढलेला समूह एखाद्या खराब वर्षात नाहीसा होऊ शकतो, किंवा पुन्हा मोठ्या समूहात मिसळून जाऊ शकतो. पण प्रजातिनिर्मितीची सुरुवात कशी असू शकते, हे या उदाहरणाने दाखवले, आणि असे कित्येक आरंभ इतिहासात होऊन, काही मागमूस न ठेवता मिटले असतील.

आणलेली माशी

गॅलापागोसच्या फिंचपुढे आज जे संकट आहे ते दुष्काळाचे नाही. फिलॉर्निस डाउन्साय ही परोपजीवी माशी माणसाच्या वाहतुकीबरोबर या बेटांवर पोहोचली. १९६४ साली गोळा केलेल्या कीटकांत तिचे नमुने होते, पण फिंचच्या घरट्यांत तिच्या अळ्या आढळल्या त्या १९९७ मध्ये. माशी घरट्यात अंडी घालते. अळ्या घरट्याच्या तळाशी राहतात आणि रात्री पिल्लांचे रक्त शोषतात. अगदी लहान पिल्लांच्या नाकपुड्यांतही त्या शिरतात, त्यामुळे वाचलेल्या पक्ष्यांच्या चोचीही कधी कधी कायमच्या विद्रूप होतात. काही ठिकाणी काही वर्षी बहुतेक सगळी पिल्ले घरट्यातच दगावतात.

दुष्काळ फिंचना नवा नाही. लाखो वर्षांत त्यांनी असंख्य दुष्काळ पाहिले आहेत, आणि जाड-बारीक चोचींचा जो फरक समूहात शिल्लक आहे त्याच्या बळावर ते निभावून गेले आहेत. या माशीशी मात्र त्यांचा पूर्वपरिचय नाही. तिला तोंड देण्याची क्षमता निवडीने वाढायची, तर तशा क्षमतेतला फरक समूहात आधीपासून असावा लागतो आणि निवड होईपर्यंत समूह टिकावा लागतो. इसाबेला बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या खारफुटीत राहणारी मँग्रोव्ह फिंच फक्त शंभरेक उरली आहे. इतक्या लहान समूहाला तेवढा अवकाश मिळेल असे मानणे धोक्याचे आहे.

म्हणून तिथे वेगवेगळे उपाय चालू आहेत. २०१४ पासून मँग्रोव्ह फिंचच्या घरट्यांतली अंडी आणि पिल्ले उचलून, सांताक्रूझवरच्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्रात हाताने वाढवून, मोठी झाल्यावर पुन्हा खारफुटीत सोडण्याचा प्रयोग झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात संशोधकांनी सौम्य कीटकनाशक लावलेला कापूस फिंचच्या वावराच्या जागी टांगून ठेवला. पक्ष्यांनी तो स्वतःच नेऊन घरट्यांत विणला, आणि ज्या घरट्यांत पुरेसा कापूस गेला तिथे अळ्या जवळजवळ उरल्या नाहीत. कापूस किती अंतरावर ठेवला म्हणजे पक्षी तो नेतात, एका घरट्याला किती पुरतो, पाऊस आल्यावर औषध किती दिवस टिकते, हे प्रश्न मोजून सोडवण्याचे आहेत, आणि खारफुटीच्या उंच शेंड्यांवर घरटी करणाऱ्या मँग्रोव्ह फिंचच्या बाबतीत ते अधिकच अवघड आहेत.